सोमवारचे शमुवेलकाका

शमुवेलकाकांचं कपाळ मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे. रुंद, सावळं, मधोमध एक आडवी आठी, आणि वर पाण्यानं चापून बसवलेले विरळ पांढरे केस. त्यांच्या सूनबाई फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून जायच्या. तो हळूहळू मागे घसरायचा आणि पाचव्या मिनिटाला पडद्यावर काका उरायचे ते भुवयांच्या वर तेवढे. मागे भिंत आणि खताच्या दुकानाचं कॅलेंडर.

“दिसतोय का?” ते विचारायचे.

“कपाळ दिसतंय, काका.”

“तेवढं पुरे. बाकीच्यात बघण्यासारखं काय नाय.”

आम्ही हसायचो. चार वर्षं दर सोमवारी हसलो. त्या कपाळाखाली काय चाललं होतं ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, आणि आम्ही एकत्र बसायचो ते एकमेकांना विचारण्यासाठीच. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण लिहिते.

मी नाशिक रोडच्या एका चर्चच्या ऑफिसात क्लार्क आहे. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाच्या नोटिसा, दफनभूमीचं रजिस्टर, बिघडलेला माइक आणि जे काम कुणाचंच नाही ते, अशी माझी खाती. कोरोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या पाळकसाहेबांनी कुठलंसं ऑनलाइन शिबिर केलं आणि त्यातून एक कल्पना घेऊन उठले. चर्चमध्ये राबणाऱ्या माणसांची विचारपूस कुणी करत नाही, ती आतल्या आत वाळून जातात. तर त्यांनी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटावं, एकमेकांचं ऐकून घ्यावं. कल्पना चांगली होती. चांगल्या कल्पना आमच्याकडे दुसऱ्या दिवशी क्लार्कच्या टेबलावर येतात.

“सुनीताबाई, तेवढं तुम्ही जमवा,” साहेब म्हणाले आणि पुढच्या कल्पनेकडे वळले.

मी जमवलं. सोमवार, दुपारी तीन. जगाचा रविवार तो आमचा कामाचा वार, म्हणून सोमवार हाच आमचा रविवार. सुरुवातीला नऊ-दहा जण आले, मग गळत गेले आणि टिकलो चौघं. सटाण्याच्या मार्थाबाई, ह्या बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांजवळ बसायचं, वाचून दाखवायचं, दुखणंखुपणं विचारायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. पेठकडच्या डोंगरातला यशवंत, पस्तिशीचा, एका लहानशा मंडळीचा उपदेशक. रेंजसाठी तो टेकडीवर चढून दगडावर बसायचा. तिसरी मी. आणि चौथे नांदगावचे शमुवेलकाका.

काका सुवार्तिक होते. म्हणजे दीक्षा झालेला पाळक नव्हे, पण पाळक जिथं महिन्यातून एकदा पोचतो तिथं उरलेले एकोणतीस दिवस जो असतो, तो. आजाऱ्यापाशी बसायचं, मयत उचलायची, मुलांना गाणी शिकवायची, आणि रविवारी सगळ्यांत आधी येऊन देवळाचं, म्हणजे चर्चचं, कुलूप काढायचं. साठी उलटून गेली होती तरी मंडळीनं त्यांना सोडलं नव्हतं, कारण दुसरं कुणी मिळत नव्हतं. दुसरंही एक कारण होतं. काकांची प्रार्थना.

ती पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. नवी मोटरसायकल आली, बोअर मारायची आहे, पोराची दहावीची परीक्षा आहे, बोलवा काकांना. मी ती पहिल्यांदा ऐकली ती माझ्या आईच्या ऑपरेशनच्या सकाळी. कोरोनाच्या बरीच वर्षं आधीची गोष्ट. आदल्या दिवशी आमच्या मंडळीतले दोन वडीलधारे येऊन गेले होते. त्यांची प्रार्थना विशेषणांनी सुरू व्हायची आणि पेशंटपर्यंत पोचता पोचता दमायची. काका कसल्याशा कामानं नाशिकला आलेले, कळलं म्हणून आले. खाटेशेजारी बसले. आईनं खाटेची दांडी घट्ट धरली होती.

“बापा,” काका अगदी हळू म्हणाले, “ही बाई घाबरलीय. तिला खोटं सांगून उपयोग नाय, ती मास्तरीण होती. तू तिच्यासंगं आत जा, एवढंच. बाहेर आम्ही बसतो.”

संपलं. आमेनसुद्धा आईनंच म्हटलं. ते गेल्यावर ती मला म्हणाली, “बाकीचे आपल्याला ऐकू यावं म्हणून बोलतात गं. हा माणूस खरंच कुणाशी तरी बोलतो.” तिच्या आत जातानाचा चेहरा मी विसरलेली नाही. दांडी सुटली होती तिच्या हातातून.

तर असा हा माणूस, आणि आमच्या सोमवारच्या कॉलचा पहिला नियम त्यानं काय घातला असेल? इथं प्रार्थना करायची नाही.

झालं असं, की पहिल्या सोमवारी आम्ही आमच्या वळणानं सुरुवात केली. एक गीत, बायबलातलं एक वचन, मग एकेकानं प्रार्थना. फुकटातला कॉल चाळीस मिनिटांनी आपोआप तुटायचा. प्रार्थना संपल्या तेव्हा सहा मिनिटं उरली होती. “मग, कसं काय सगळं?” असं मी विचारलं, सगळ्यांनी “देवाच्या कृपेनं छान” असं सांगितलं, आणि कॉल तुटला. दुसऱ्या सोमवारी मी गीत लावणार एवढ्यात काकांचं कपाळ हललं.

“बाई, थांबा जरा. इथं ते नको.”

“काय नको?”

“गीत नको, वचन नको, प्रार्थना तर अजिबात नको. आठवडाभर तेच करतो आपण. सुतार घरी आला की त्याला बायको परत रंधा मारायला बसवते का? इथं फक्त बोलायचं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोणी रडलं तर वचन फेकायचं नाय. ‘प्रार्थना करतो हं तुमच्यासाठी’ म्हणून विषय मिटवायचा नाय. लय सोपी युक्ती हाय ती, मी आयुष्यभर केली.”

“मग करायचं तरी काय, काका?” यशवंत म्हणाला.

“हेच. आता तू म्हणलास ना, मग? तेवढंच म्हणायचं.”

मार्थाबाई हादरल्या होत्या. प्रार्थनेशिवाय बैठक म्हणजे त्यांना मिठाशिवाय भात. मला मात्र आवडलं. मला वाटलं, केवढा मोठा विचार! मुरलेला माणूस. पाळकसाहेबांनाही मी कौतुकानं सांगितलं. आम्ही सगळेच त्या नियमाच्या प्रेमात पडलो आणि तो कुठून आला असेल हे कुणाच्या मनात आलं नाही.

नियम चालला मात्र. काकांचं “मग?” तीन तऱ्हांचं होतं. एक, सांगणारा अडखळला तर पाठीवर हात ठेवल्यासारखं. दुसरं, सांगणारा फेकायला लागला तर जरा कोरडं. आणि तिसरं अगदी लांबलेलं, सांगणाऱ्याला स्वतःलाच कुठं जायचंय ते कळेना तेव्हाचं. मार्थाबाईंना पहिल्या महिन्यात एकदा दुसऱ्या तऱ्हेचं मिळालं. त्या त्यांच्या घरभेटींबद्दल सांगत होत्या, अमक्या गल्लीत इतक्या भेटी, तमक्या वस्तीत इतक्या.

“मग?” काका म्हणाले.

मार्थाबाईंची यादी तिथंच तुटली. त्यांच्या अहिराणी वळणानं म्हणाल्या, “दार उघडत नाहीत, काका. आत माणसं शेतस. टीव्हीचा आवाज बारीक करतस, मी जाईपर्यंत. मला ऐकू येतं ना.”

“मग?”

“मग मी उभी राहते पाच मिनिटं. आणि घरी येऊन डायरीत लिहिते, भेट झाली.” आणि त्या रडायला लागल्या. “बावीस वर्षं झाली. किती भेटी खोट्या शेतस ते मलाच माहीत नाही आता.”

माझ्या जिभेच्या टोकावर एक वचन अगदी येऊन बसलं होतं, मी ते गिळलं. मग टेकडीवरून यशवंतचा आवाज आला, “मी पण लिहितो. उपासनेला अठरा हजर. असतात पाच.” मग मी सांगितलं की माझ्या रजिस्टरातही काही गोष्टी तशा आहेत. काका हसले, आणि मार्थाबाईही नाक पुसत हसल्या. त्या सोमवारी मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या कामाच्या आयुष्यात माझी अशी तीन माणसं आहेत. एवढी वर्षं त्या ऑफिसात काढून ते कधी वाटलं नव्हतं.

काकांचा स्वतःचा नंबर शेवटी असायचा. “आधी पोरांचं होऊ द्या,” म्हणायचे. मार्थाबाई पंचावन्नच्या, मी पन्नाशीला आलेली, तरी आम्ही पोरं. शेवटी त्यांच्यापाशी यावं तर चाळीस मिनिटं भरत आलेली असायची. “माझं काय, बरं हाय,” एवढं होईपर्यंत कॉल तुटायचा. कधी लवकर आटोपलं तर ते म्हणायचे, “निघा तुम्ही, मी दार लावतो.”

ही त्यांची देवळातली सवय. उपासना सुटली की ते किल्ली घेऊन दारात उभे राहायचे, आणि मंडळीतला शेवटचा माणूस, मग ती गुडघे धरून चालणारी म्हातारी का असेना, फाटकाबाहेर पडेपर्यंत दाराला हात लावायचे नाहीत. घरीसुद्धा तसंच. पाहुणा वळणापलीकडे जाईपर्यंत दारात उभे.

“काका, इथं दार कोठे शे?” मार्थाबाई चिडवायच्या आणि जायच्या. यशवंत जायचा. कॉल मी सुरू केलेला, त्यामुळे बंद मीच करायची. काकांना ते लाल बटण कधी सापडलंच नाही. मग शेवटची दोन मिनिटं पडद्यावर मी आणि ते कपाळ.

“बाई,” ते कधी कधी म्हणायचे.

“काय काका?”

मागे कॅलेंडर फडफडायचं.

“काय नाय. लावा.”

आणि मी लावायची. सोमवारी मला गिरणीत जायचं असे, बँकेत जायचं असे, आईची औषधं आणायची असत. असं किती वेळा झालं ते मी मोजलेलं नाही. चार वर्षांत बरेचदा झालं असणार.

यशवंतचा एक सोमवार फार वाईट होता. दिवाळी झाली की त्याच्या पाड्यावरची माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात, मुलाबाळांसकट, ती थेट उन्हाळ्यात परत येतात. तोवर देवळात म्हातारी आणि आजारी तेवढी. त्या दिवशी तो म्हणाला, “मी पण जातो बागंवर. इथं कोणाला सांगायचं? भिंतींना?” आणि फोनची बॅटरी संपून तो मधेच नाहीसा झाला. बुधवारी कळलं, की काका मंगळवारी नांदगावहून निघून, तीन गाड्या बदलून, शेवटचा टप्पा चालत त्याच्या दारात पोचले होते. हातात अर्धा किलो शेव.

तिथं काय झालं ते यशवंतनंच पुढच्या सोमवारी सांगितलं. त्याच्या बायकोनं नागलीच्या भाकरी केल्या. एवढ्या लांबून सुवार्तिक आलेला, सगळं घर, शेजारीपाजारी, ताटं समोर ठेवून डोळे मिटून बसले. आता काका प्रार्थना करतील. काही ऐकूच येईना. डोळे उघडले तर काका भाकरी मोडत होते. “जेवा,” म्हणाले, “गार होतंय.”

आम्ही किती कौतुक केलं त्या गोष्टीचं! मी ती बाहेरही सांगितली. ढोंग नाही, दिखावा नाही, वगैरे. आता ती कुणाला सांगत नाही. तीन गाड्या बदलून हा माणूस एका खचलेल्या पोराकडे गेला, त्याच्याजवळ देण्यासारखं जे होतं ते आधीच सरलं होतं, म्हणून तो शेव घेऊन गेला.

दुसरी खूण माझ्याच घरात पडली होती. आई गेली तेव्हा काका आले. घरात प्रार्थना चालू होती. पाळकसाहेब म्हणाले, “शमुवेलभाऊ, आपल्या या गेलेल्या बहिणीचा तुमच्या प्रार्थनेवर फार जीव होता, आपण करा.” काका खाकरले, गळ्याला हात लावून म्हणाले, “घसा बसलाय,” आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचे कप विसळायला लागले. चाळीसेक कप विसळले असतील. मला राग आला होता. खरं सांगायचं तर फार राग आला होता. आईनं शेवटच्या आठवड्यात दोनदा त्यांचं नाव घेतलं होतं. घशाला काहीही झालेलं नव्हतं, मयतीच्या गाडीपाशी ते ड्रायव्हरशी चांगले खणखणीत बोलत होते. मी तो राग मनात ठेवला आणि सोमवारी नेहमीसारखी कॉलवर बसले. विचारलं नाही. विचारायला हवं होतं, रागानं का होईना.

मग तो गुड फ्रायडे आला.

आमच्याकडे त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते, प्रभूच्या वधस्तंभावरच्या शेवटच्या सात उद्गारांची. सात माणसं, प्रत्येकानं एक उद्गार वाचायचा आणि त्यावर दहा-बारा मिनिटं बोलायचं. क्षमेचा उद्गार, आईचा उद्गार, तहानेचा, त्यावर कुणीही बोलतं. चौथा कुणी घेत नाही. देवानं टाकून दिल्याचा तो आक्रोश. त्यावर दिलासा देणारं काय बोलणार? नांदगावच्या मंडळीत तो तीस वर्षं काकांकडे होता. दर वर्षी ते त्यावर बोलायचे आणि लोक डोळे पुसत घरी जायचे. त्या वर्षी काका उठले, उद्गार वाचला, पुस्तक मिटलं, आणि खाली येऊन आपल्या जागी बसले. लोक वाट बघत राहिले. पेटीवाल्यानं शेवटी घाबरून पुढचं गीत सुरू केलं. संध्याकाळपर्यंत जिल्ह्यात बातमी पोचली, की काकांची शुगर उतरली.

ईस्टरनंतरच्या सोमवारी आम्ही कॉलवर आलो तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते. त्या आठवड्यानंतर आमचा असा चोथाच झालेला असतो. काका आधीच येऊन बसले होते. आणि त्या दिवशी फोन नीट उभा होता. कपाळ, डोळे, गालांची हाडं, पांढऱ्या सदऱ्याचं गळ्यापर्यंत लावलेलं बटण, सगळं दिसत होतं. मला ते एकदम थकलेले आणि परके वाटले.

“शुगर कशी शे, काका?” मार्थाबाईंनी विचारलं.

“शुगर-बिगर काय नाय. आज माझी पाळी आधी.” त्यांनी घसा साफ केला. “शुक्रवारी मी उद्गार वाचला. पुढं बोलायला तोंड उघडलं तर वाटलं, वाचलं तेवढंच खरं हाय. पुढचं सगळं मी तीस वर्षं लावलेलं ठिगळ हाय. म्हणून बसलो.”

ते एक-एक शब्द ठेवत सांगत राहिले.

“मला प्रार्थना होत नाय. पाच वर्षं झाली. कोरोनाच्या आधीपासून. कोणी गेलं, काही घडलं, असं काय नाय. एक दिवस आली नाय, दुसऱ्या दिवशी आली नाय. म्हणलं येईल. तुम्ही मला सांगता ना, काका, तुमचा आवाज बंद हाय, बटण दाबा? तसा माझा आवाज बंद हाय, आणि पलीकडून सांगायला कोणी नाय. पलीकडं कोणी हाय का, तेच कळत नाय. रविवारी तोंड हलवतो. लोक आमेन म्हणतात. पोरांच्या डोक्यावर हात ठेवतो तेव्हा वाटतं, आपण चोर हाये.” ते थांबले. “इथं प्रार्थना नको म्हणलो ना मी, ती शिस्त नव्हती. आठवड्यात एक जागा पाहिजे होती, जिथं नाटक करावं लागणार नाय. बाईंना सांगायचं होतं लय वेळा. जमलं नाय.”

बोलून झालं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

एकच शब्द हवा होता. दोन अक्षरांचा, त्यांनीच शिकवलेला. आमच्या रडण्यापुढे, खोट्या डायऱ्यांपुढे, पळून जाण्याच्या बेतांपुढे त्यांनी तो शेकडो वेळा ठेवला होता. मला तो आठवतही होता. पण मी घाबरले. त्या शब्दानंतर ते काय बोलतील याची भीती वाटली. ज्या माणसाच्या शब्दांवर माझी आई खाटेची दांडी सोडून आत गेली, तो म्हणत होता की पलीकडं कोणी नाही. मला ते आणखी ऐकायचं नव्हतं.

“बापा!” मार्थाबाईंचा हुंदका फुटला. त्यांनी डोळे गच्च मिटले होते, हात जोडले होते. “बापा, तुझ्या या सेवकाला सांभाळ, सैतानानं त्याला घेरलंय बापा...”

प्रेमानं केलं त्यांनी ते. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. त्यांच्यामागून यशवंतनं सुरू केलं, टेकडीवर उभा राहून, मोठ्यानं, वाऱ्यात. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले. प्रार्थना मधेच तोडायची नसते, हे आम्हाला लहानपणापासून हाडीमाशी भिनवलेलं असतं.

माझे डोळे उघडे होते. कॉल मी चालवत होते, मला पडद्यावर लक्ष ठेवावं लागायचं. मी काकांना पाहिलं. ते एकेका चौकटीकडे बघत होते. मार्थाबाईंकडे, यशवंताकडे. रागानं नाही. पाहुणे जेवायला बसले आणि वाढायला काही उरलं नाही, तेव्हा घरचा माणूस बघतो तसे. मग त्यांची नजर माझ्या चौकटीवर आली असावी. व्हिडिओवर नक्की कळत नाही कोण कुणाकडे बघतंय ते. पण मला वाटलं, ते माझ्याकडे बघताहेत, आणि माझे डोळे उघडे आहेत हे त्यांना दिसतंय, आणि ते वाट बघताहेत.

मी डोळे मिटले.

प्रार्थना बराच वेळ चालली. आमेन म्हणून मी डोळे उघडले तेव्हा पडद्यावर तिघंच होतो. उरलेल्या चौकटी पसरून मोठ्या झाल्या होत्या. चार वर्षांत ज्यांना ते लाल बटण सापडलं नव्हतं, त्यांना ते त्या दिवशी सापडलं.

“रेंज गेली असंल,” यशवंत म्हणाला. आम्ही थांबलो. चाळीस मिनिटं पुरी होऊन कॉल तुटला.

नंतर ते कधीच आले नाहीत. फोन लावला की सूनबाई उचलायच्या, “पप्पा झोपलेत,” म्हणायच्या. महिन्याभरात त्यांनी कमिटीला दोन ओळींची चिठ्ठी देऊन किल्ल्या परत केल्या. कमिटीनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला, शाल आणली, काका गेले नाहीत. शाल घरी पोचवली म्हणे.

मी गेले ते थेट डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नसताना. रजा टाकून नांदगावची गाडी पकडली. गाडीत दोन तास मी एकच गोष्ट घोकत होते: माफी मागायची नाही, रडायचं नाही, समोर बसायचं आणि म्हणायचं, “मग?” एवढ्यासाठी चालले होते.

काका दारातच बसले होते, मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत. वाळले होते. मला बघून आनंद झाला त्यांना, तो खरा होता.

“या बाई. कपाळ दिसतंय का?”

मी हसले. शेजारी बसून शेंगा सोलायला लागले.

“यशवंता?”

“गेला, काका. बायकोपोरांसकट, बागंवर. दिवाळीनंतर.”

त्यांनी मान हलवली. “मार्थाबाई?”

“आहेत. कॉल आता त्याच चालवतात. दुसरी काही माणसं येतात.” मी एक शेंग मोडली. “प्रार्थनेनं सुरू होतो.”

“चांगलं हाय,” काका म्हणाले.

सूप अर्धं भरलं. गल्लीत कुणीतरी नाताळचा कंदील टांगत होतं. मी हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हटलं, “काका. मग?”

त्यांना कळलं. हात थांबले त्यांचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दाण्यांतला एक किडका दाणा शोधून बाहेर टाकला, मग दुसरा.

“चहा घेणार ना?” ते म्हणाले.

त्यांनी स्वतः केला चहा. आम्ही तुरीबद्दल बोललो, सूनबाईंबद्दल बोललो. पाचच्या गाडीला निघायला हवं होतं. मी पर्स उचलली, उंबऱ्याबाहेर येऊन चपलेसाठी वाकले. काका मागे दारात उभे होते, नेहमीसारखे.

“येते, काका,” मी म्हटलं. “प्रार्थनेत आठवण ठेवा.”

आम्ही सगळे निघताना हेच म्हणतो. लहानपणापासून, प्रत्येक घरातून निघताना, फोन ठेवताना, पत्राच्या शेवटी. तोंडातून निघून गेलं आणि मग मला ते ऐकू आलं.

“ठेवतो,” काका म्हणाले.

एक चप्पल माझ्या पायात होती, दुसरी अजून हातात. मी वर पाहीपर्यंत दार लागलं होतं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.